फोन माझा, बोट दादाचं

३ जानेवारी, शुक्रवार

ही वही खरं तर दादाची. व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताईंनी त्याला दिली, रोज चार ओळी लिहायला. घरी आल्या आल्या त्याने ती माझ्या अंगावर फेकली. "घे, तूच लिही. तुझ्या पोटात एवढं साठलंय की एक दिवस फुटशील."

मी बोलत नाही यावरून तो मला असाच चिडवतो. शाळेत बाई उभं करून वाचायला सांगायच्या तेव्हा माझी दातखीळ बसायची. नववीत शाळाच सोडली. दादा तेव्हा पहिल्यांदा व्यसनमुक्तीला भरती झाला होता, आई कामावर जायची, घरी कुणीतरी हवं होतं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ते वाचन. आता मी सतराची आहे. घरात बसून शर्टांना बटणं लावते. शिलाईवाले काका सोमवारी गठ्ठा टाकतात, शनिवारी उचलतात. बटणं काही विचारत नाहीत, म्हणून बरं चाललंय.

दादाला सुई सोडून सात महिने झाले. पण सुई जाताना एचआयव्ही ठेवून गेली. हे घरात फक्त मला आणि त्याला माहीत आहे. रोज एक गोळी, जन्मभर. डॉक्टर म्हणाले, "घेतलीस तर म्हातारा होशील, नाही घेतलीस तर नाही होणार." इतकं साधं.

गोळीचं ॲप माझ्या फोनमध्ये आहे, कारण सुईच्या दिवसांत दादाने स्वतःचे दोन फोन विकून खाल्ले. ॲपवर पाण्याच्या ग्लासाचं चित्र आहे. कुणी डोकावलं तर वाटावं पाणी प्यायची आठवण आहे. सकाळी आठला गजर होतो आणि विचारतं, घेतली का? हो दाबलं की हिरवं. नाही दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर लाल होतं आणि नऊच्या आत ताईंचा फोन येतो. संध्याकाळी सातला विचारतं, आज तलफ किती? शून्य ते दहा. ताईंनी बजावून सांगितलंय, "फोन बहिणीचा, बोट तुझं. दुसऱ्या कुणी दाबायचं नाही."

आईला सांगितलंय दादाला मुतखडा आहे, म्हणून पाण्याचा गजर. ती बिचारी रोज ग्लास भरून ठेवते.

६ जानेवारी, सोमवार

दादाची पाळी बदलली. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आता सकाळी सातला सुरू होतो, तो सहालाच निघतो. आठला गजर वाजला तेव्हा घरात मी आणि बटणं.

काल रात्रीच त्याला विचारलं होतं, मग आठला काय करायचं? म्हणाला, "दाबून टाक ना. मी जातानाच घेतो गोळी. तू काय पोलीस आहेस?"

आठ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत थांबले. मग वाटलं ताईंचा फोन येईल आणि मला बोलावं लागेल. दाबलं. हिरवं झालं. वाटलं, जशी काही मीच चोरी केली. पण खोटं कुठे आहे? त्याने घेतलीच असणार.

७ जानेवारी, मंगळवार

सातलाही तो घरी नव्हता. मित्राकडे गेला होता. शून्य टाकलं. परवापर्यंत तो स्वतः दोन किंवा तीन टाकायचा. शून्य जास्त चांगलं.

२० जानेवारी, सोमवार

ॲपमध्ये लिहून बोलायचीही सोय आहे. आज ताईंनी लिहिलं, "पंधरा दिवस तलफ शून्य! कसं जमवलंस? लिहून पाठव ना."

दादा झोपला होता. आजकाल कामावरून आला की बसल्या बसल्या झोपतो, तोंडातला घास तसाच. पहाटे उठायचं म्हणजे थकणारच.

मीच लिहिलं, "हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं." आधी 'मी गप्प बसते' असं लिहिणार होते, मग सांभाळून दादासारखं लिहिलं. ताईंचं उत्तर लगेच. "किती छान सांगितलंस. अजून सांग."

अजून सांग, असं मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

रोज लिहिते आता. दुपारी बटणं बाजूला ठेवून. ताई विचारतात, मी दादा होऊन सांगते. भीती कशाची वाटते? लोकांनी एकदम माझ्याकडे बघण्याची. राग कधी येतो? कुणी माझं वाक्य पूर्ण करून टाकलं की. आज विचारलं, कामात काय आवडतं? मी लिहिलं, चार भोकांचं बटण. दोन भोकांचं पटकन होतं, पण चार भोकांचं फुली मारून पक्कं बसतं, जन्माचं.

पाठवल्यावर कळलं की दादा तर खोकी बांधतो. पण ताईंनी नुसतं हसरं तोंड पाठवलं आणि विचारलं, "तुझी बहीण कशी आहे रे?"

मी लिहिलं, "ती कुणाशी बोलत नाही."

"का, ते विचारलंस कधी तिला?"

"विचारतो," असं लिहून फोन पालथा ठेवला. चेहरा इतका गरम झाला होता की आईने कपाळाला हात लावून बघितला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला सर्दी झाली आहे, जातच नाही. जांभया, डोळ्यांतून पाणी. मग संध्याकाळी बाहेर जाऊन आला की एकदम बरा. मोकळ्या हवेने फरक पडत असणार.

पूर्वी घरी बनियनवर बसायचा, आता लांब बाहीचा शर्ट काढत नाही. आई म्हणाली, "भट्टीत बसल्यासारखा घामेजलायस, काढ की तो शर्ट!" तर म्हणे मशीनला हात घासतात, ओरखडे बघून तूच ओरडशील. त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं. मी चार भोकांचं लावून दिलं, दुहेरी दोऱ्याने. म्हटलं, कितीही ओढ, निघणार नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग डोक्यावर टपली मारली.

आई आज म्हणाली, "मी साडेपाचला ठेवलेलं पाणी आठ वाजता तसंच असतं गं."

कारखान्यात पीत असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्या केंद्रात जायचं. तिथे बाटली उलटी करून गोळ्या मोजतात. तीस दिल्या होत्या, सत्तावीस दिवस झाले, तीन उरायला हव्यात. मी म्हटलं बघू का, तर दादा म्हणाला थांब, आणि बाटली घेऊन मोरीत गेला. बराच वेळ पाणी सोडलं होतं. बाहेर येऊन म्हणाला, "मोज आता."

मोजल्या. तीन. बरोबर. उगाच शंका घेत होते मी.

मोरीच्या जाळीवर पांढरा चुरा चिकटला होता. साबणाचा असेल. पाणी ओतून घालवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

केंद्रात मोजल्या, हिशेब बरोबर निघाला. रक्त घेतलं, व्हायरस किती उरलाय ते बघायला. दादाने उजवा हात पुढे केला. डाव्यावर काही लागलंय म्हणाला.

ताई दादाला म्हणाल्या, "दुपारी तुझं लिहिलेलं वाचायची मी वाट बघते रे. ते गप्प बसणाऱ्या डोक्याचं तर मी वहीत उतरवून घेतलंय."

दादाचं तोंड कोरं. मी जमिनीकडे बघत होते, फरशीत भेग पडलीय ती मला आता तोंडपाठ आहे. मग दादा हसून म्हणाला, "ते होय, असंच सुचतं." ताई दादाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

परत येताना रस्त्यात त्याने फोन मागितला. उभ्या उभ्या सगळं वाचलं. माणसं धक्का देऊन जात होती तरी वाचत होता. मला वाटलं आता मारतो.

म्हणाला, "हा माणूस माझ्यापेक्षा बरा आहे की गं."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "लिहीत जा. ताई खूश, तू खूश. माझ्या मागची कटकट गेली." आणि मित्राकडे गेला.

३ मार्च, सोमवार

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. ताईही होत्या.

व्हायरस वाढलाय. थोडाथोडका नाही, खूप.

डॉक्टरांनी त्यांच्या पडद्यावर आमचं ॲप उघडलं. हिरवे चौकोन, ओळीच्या ओळी, हिरवळ उगवल्यासारखे. म्हणाले, "एवढ्या नियमाने घेऊनही वाढतोय म्हणजे हे औषध तुला लागू पडत नाही. बदलावं लागेल. दुसरं जड आहे, दिवसातून दोनदा, पोटाला त्रास होतो. आणि ते नीट नाही चाललं तर पुढे माझ्या हातात फार काही उरत नाही. म्हणून आधी खात्री करून घेतो. एकही चुकली नाही ना?"

दादा म्हणाला, "मोबाइलमध्ये बघा की, डॉक्टर."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू असतेस ना घरी? रोज घेतो?"

माझी दातखीळ बसली. आणि मान हलली. हो अशी. मी हलवली नाही, ती हलली, पण मान माझीच आहे.

पुढच्या सोमवारी, दहा तारखेला, नवीन औषध सुरू.

ताईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही सांगायचं असेल तर कुणीही लिहू शकतं हं." मी पळालेच.

४ मार्च, मंगळवार

आज ताईंना काही लिहिलं नाही. सुई चार वेळा बोटात घुसली, एका पांढऱ्या शर्टाला डाग लागला. काका बोलतील.

सारखं मोजतेय. सहा जानेवारीपासून रोज आठला मीच दाबलं. त्याला गोळी गिळताना शेवटचं कधी बघितलं? आठवत नाही. जर घेतली असेल तर औषध खोटं. नसेल घेतली तर मी खोटी. औषध खोटं निघावं असं मला वाटतंय. आपलाच भाऊ, आणि मी हे मागतेय!

५ मार्च, बुधवार

आज काय काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटे उठून बसले. दादाने बूट घातले, दार उघडलं. मी म्हटलं, "गोळी?"

"खिशात आहे. वाटेत घेतो."

"दाखव."

एक शब्द. एवढा मोठ्याने निघाला की मीच दचकले. तो म्हणाला, "सकाळी सकाळी डोकं नको खाऊस," आणि मला बाजूला सारायला लागला. मी त्याची बाही धरली. त्याने हिसडा दिला. मी लावलेलं बटण निघालं नाही. त्याच्या बाजूचं कापड टर्रकन फाटलं, पार कोपरापर्यंत.

मशीनचे ओरखडे नव्हते ते. ते टिपके मला माहीत आहेत. सुईचंच तर काम करते मी.

दादा हळू आवाजात बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "ताईला सांगितलंस तर मी परत या घरात येणार नाही. समजलं? मग तूच बस गजर लावून." फाटक्या बाहीनेच गेला.

वळले तर आई मागे उभी. हातात तो ग्लास, भरलेला.

मी म्हटलं, "आई, तो मुतखडा..."

"मुतखडा झालेला माणूस गडबडा लोळतो. हा कधी लोळला?" आईने ग्लास खाली ठेवला. "मला वाचता येत नाही, पण पाणी कमी झालं की नाही ते दिसतं. पहिले दोन महिने ग्लास रिकामा व्हायचा. मग भरलेलाच राहायला लागला. बाटलीवरचं चित्र मी दवाखान्यात त्या आजाराच्या फलकावर बघितलंय. मी झाडू मारते तिथे, आंधळी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले की तो दार आपटून जातो. माझं बोलणं झिजून गेलंय गं. तुझं अजून कोरं आहे." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "तू तरी कुठे बोललीस?"

आठला गजर झाला. दोघी बघत होतो. मी हिरवं दाबलं.

घाबरले. फक्त आजच्या दिवस.

६ मार्च, गुरुवार

दादा रात्री आला नाही. कारखान्यातही गेला नाही, मुकादमाकडे आई विचारून आली.

आठला गजर. मी दाबलं नाही. हात मांडीखाली दाबून बसले. तो ग्लास पडद्यावर हलत राहिला, मग लाल झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. नऊला पाच कमी असताना फोन वाजला.

सहा वेळा वाजू दिला. मग वाटलं, दहा तारखेला ते जड औषध सुरू होणार. ते पण तो मोरीत ओतेल, आणि मग डॉक्टरांच्या हातात काही उरणार नाही. उचलला.

"हॅलो? कसा आहेस रे, आज लाल कसं?"

आवाज येईना. ताईही थांबल्या. ठेवला नाही त्यांनी.

मी म्हटलं, "मी बहीण बोलतेय."

"बोल."

"आत्तापर्यंत... मीच बोलत होते."

मग एकदा सुटलं ते सुटलंच. बोट, शून्य, मोरी, पांढरा चुरा, टिपके, डॉक्टरांपुढे हललेली मान. मध्येमध्ये अडकले, पण त्यांनी माझं एकही वाक्य पूर्ण करून दिलं नाही. सगळं मलाच म्हणावं लागलं.

ताई म्हणाल्या, "असा आवाज आहे होय तुझा." आणि नंतर, "खोकी बांधणाऱ्या माणसाला चार भोकांच्या बटणाचं एवढं कौतुक कशाला, हे माझ्या तेव्हाच डोक्यात आलं होतं. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मलाही हिरवं बघायची सवय लागली होती."

मी म्हटलं, "तुम्ही रागावलात?"

"हो. तुझ्यावर, माझ्यावर, सगळ्यांवर. ते नंतर बघू. डॉक्टरांना आत्ता सांगते, औषध बदलायचं नाही. जुनंच पुन्हा नीट सुरू करता येतं का ते बघतील. आता सांग, तो कुठे जातो?"

मित्राकडे, एवढंच माहीत होतं. कुठला मित्र ते मी कधी विचारलंच नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

नाही आला. ताईंची माणसं जुन्या पुलाखाली, बंद गोदामामागे बघून आली. त्या म्हणाल्या, एवढे महिने सुटल्यावर पूर्वीएवढंच घेतलं तर श्वास थांबतो, म्हणून शोधतोय. सांगायला नको होतं त्यांनी. नाही, सांगायला हवंच होतं.

आठला लाल. सातला लाल.

आई म्हणाली, "तू बरोबर केलंस." मग दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही.

८ मार्च, शनिवार

काका गठ्ठा घ्यायला आले. अकरा शर्ट बाकी होते आणि एक डागाचा. "बोल की काहीतरी, तोंडात काय बटण धरलंयस?" म्हणाले. मी म्हटलं, "माझा भाऊ सापडत नाहीये." ते दारात तसेच उभे राहिले. मग डागाचा शर्टही घेऊन गेले, धुवून घेतो म्हणाले.

फोन उशाला ठेवते. वाजला तरी भीती, नाही वाजला तरी.

९ मार्च, रविवार

आज थोडंच लिहिते. पानं उरायला हवीत, वही त्याची आहे.

साडेसातला आईने ग्लास भरला. कालही भरला होता, परवाही. तेवढ्यात दाराशी सावली. दादा उंबऱ्यावर बसला, आत आला नाही. ओठ फुटलेले, तीच फाटकी बाही, बटण अजून तिथेच. थंडी वाजल्यासारखा हलत होता. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. ग्लास त्याच्याजवळ ठेवला आणि भिंतीला टेकली.

तो म्हणाला, "सांगितलंस?"

"हो."

"तोंडाने?"

"हो."

मग म्हणाला, "ऐकायला पाहिजे होतं मी." हसायला गेला आणि ओठ फाटून रक्त आलं. मी चिंधी पुढे केली. त्याने ती ओढून घेतली, माझा हात लागू दिला नाही. पूर्वीही रक्त आलं की असंच करायचा. मी विसरलेच होते.

आठला गजर झाला. मी फोन त्याच्यासमोर धरला. घेतली का? हो. नाही.

"काय दाबू?"

"मला काय विचारतोस?"

त्याने पँटला बोट पुसलं. नाही दाबलं. पडदा लाल. मग ती तलफेची पट्टी, ती आत्ता विचारली नव्हती, ती पण स्वतःच उघडली. बोट ठेवलं आणि सरकवत नेलं, सात, आठ. तिथे थांबलं. माझ्याकडे बघितलं, मग पार टोकापर्यंत नेलं. दहा.

नऊ वाजायची वाट बघितली नाही ताईंनी. मिनिटभरातच फोन वाजला. सवयीने माझा अंगठा पुढे गेला होता. मी फोन त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि हात मागे घेतले.

वाजत राहिला. आईने डोळे मिटले होते. चार वेळा. पाच वेळा. दादाने ग्लास उचलला, अर्धा प्यायला, खाली ठेवला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला. घसा खाकरला. "हो ताई. मीच बोलतोय."